'परिदल' या संज्ञेचा अर्थ आणि उत्पत्ती

प्रस्तावना :
शास्त्राच्या परिभाषेत त्या शास्त्राच्या विचारांचा इतिहास साठलेला असतो. पुष्परचनेतील 'परिदल' म्हणजेच 'टेपल' ही संज्ञा याचे उत्तम उदाहरण होय. जास्वंदीच्या फुलात हिरवी निदले व रंगीत दले सहज वेगळी ओळखता येतात. कळलावीच्या फुलात मात्र दोन्ही मंडलांतील मिळून सहाही अवयव सारखेच रंगीत असतात. अशा अवयवांना निदल म्हणावे की दल, हा प्रश्न या संज्ञेच्या मुळाशी आहे.

संज्ञेची जडणघडण :
प्राचीन ग्रीक अभ्यासक थिओफ्रॅस्टस याने पाकळीसाठीही 'पान' याच अर्थाचा शब्द वापरला. पुढे इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ फाबिओ कोलोन्ना (1567-1640) याने पानासाठीच्याच दुसऱ्या ग्रीक शब्दावरून 'पेटल' ही संज्ञा केवळ पाकळीसाठी योजली. बाह्य मंडलातील घटकास एकशब्दी नाव मिळाले ते 1790 मध्ये. नेकर याने आच्छादन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, 'पेटल'च्या धर्तीवर, 'सेपल' हा शब्द घडविला. विशेष म्हणजे त्याच वर्षी जर्मन कवी गटे याने फुलाचे अवयव ही पानाचीच रूपांतरे होत, असे प्रतिपादन केले. एकीकडे अवयवांतील भेदाला नाव मिळत होते, तर दुसरीकडे त्यांतील ऐक्य शोधले जात होते.

या दोन्ही दृष्टींना सामावून घेणारा शब्द द कांडॉल याने 1827 मध्ये दिला. 'पेटल' मधील अक्षरांची अदलाबदल करून त्याने 'टेपल' तयार केला. साहजिकच या शब्दाला स्वतःचा असा धात्वर्थ नाही.

मराठी परिभाषा :
शालेय पुस्तकांत निदल व दल, तर मराठी विश्वकोशात संदल व प्रदल हे शब्द आढळतात. या द्वैतामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. 'परिदल' हा शब्द मात्र स्वयंस्पष्ट आहे. 'परि' म्हणजे सभोवती. पुंकेसर व किंजदले यांच्या सभोवती असणारे ते परिदल. मूळ शब्दात नसलेला अर्थ मराठी प्रतिशब्दाने दिला आहे.

निष्कर्ष :
पाकळीचे रूप घडविण्यात सहभागी असलेली जनुके ट्युलिपमध्ये बाह्य मंडलातही कार्यरत असतात, हे आधुनिक संशोधनातून दिसून आले आहे. संदिग्धतेतून जन्मलेल्या संज्ञेला अशा प्रकारे जनुकीय आधार लाभला. म्हणूनच परिभाषा केवळ पाठांतरासाठी न देता तिच्यामागील प्रश्नासह शिकविली जावी, असे वाटते.