दोन सीटची गाडी आणि वाढता संसार

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे. १९२९ ते १९८० या काळात एमजी नावाच्या स्पोर्ट्स गाड्या तिथल्या कारखान्यात तयार झाल्या. बुटक्या, उघड्या आणि दोघांपुरत्या. त्या श्रीमंतांसाठी काढलेल्या नव्हत्या; पगारावर जगणाऱ्या तरुणालाही थोडी ओढाताण करून घेता येतील अशा होत्या. म्हणूनच त्यांच्या वाट्याला एक प्रसंग नेहमी येई. लग्न होई, मूल होई, आणि गाडी ठेवायची की विकून चौघांची गाडी घ्यायची, हा विषय घरात निघे. श्रीमंताला हा प्रश्न पडत नाही, कारण तो दुसरी गाडी घेतो. ज्याच्या घरी एकच गाडी मावते त्यालाच तो पडतो. घराघरांत झालेल्या या निर्णयाने कारखानदारांना काय काय करायला लावले, ते एमजीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

एमजी ही ‘मॉरिस गॅरेजेस’ची आद्याक्षरे. मोटार-कारखानदार विल्यम मॉरिस यांचा ऑक्सफर्डमधला मोटारविक्री आणि दुरुस्तीचा हा व्यवसाय सेसिल किंबर सांभाळत. मॉरिसच्या साध्या गाड्यांवर वेगळ्या घडणीची बॉडी चढवून विकायला त्यांनी १९२०च्या दशकात सुरुवात केली. १९२८ साली आलेल्या एम-टाइप मिजेटमध्ये मॉरिस मायनर या घरगुती गाडीचीच चॅसी आणि ८४७ सीसीचे इंजिन होते. वर लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड आणि मागे होडीसारखे निमुळते शेपूट. किंमत १७५ पौंड. स्पोर्ट्स गाडी अशी घरगुती गाडीच्याच पोटी जन्मली, आणि हे नाते पुढेही टिकले. अ‍ॅबिंग्डनच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन त्या त्या काळातल्या एखाद्या साध्या कौटुंबिक गाडीतले असे. म्हणजे विकणारा माणूस सोडून देई ते इंजिन नव्हे. जमिनीलगत बसणे, डोक्यावरचे आभाळ आणि हातात लगेच प्रतिसाद देणारे स्टिअरिंग, हे तो सोडून देई.

युद्ध संपताच १९४५मध्ये टीसी हे मॉडेल आले. १२५० सीसीचे इंजिन, तारांच्या आऱ्यांची १९ इंची उंच चाके, स्टिअरिंग फक्त उजव्या बाजूला. ब्रिटनला तेव्हा परकीय चलनाची निकड होती आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांनाच पोलाद मिळत होते. सुमारे १० हजार टीसी तयार झाल्या. त्यांतल्या २ हजारांच्या आसपास अमेरिकेत गेल्या. संख्या लहान असली तरी अमेरिकेला छोट्या स्पोर्ट्स गाडीची गोडी लावली ती या गाडीने. १९५५ साली आलेल्या एमजीएच्या लाखभर गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य परदेशीच गेल्या.

एमजीए दिसायला फार देखणी होती, आणि रोजच्या वापराला किती अडचणीची, हे तिच्या दारावरूनच कळते. उघड्या एमजीएच्या दाराला बाहेरून मूठच नाही. दार उघडायचे तर हात आत घालायचा, चाचपडून तिथली दोरी शोधायची आणि ओढायची. दाराला काच नाही. गरजेपुरता पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा बसवायचा. पाऊस आला की गाडी कडेला घ्यायची, सीटमागे घडी करून ठेवलेला टप उभा करायचा आणि पुढच्या काचेच्या चौकटीला अडकवायचा. तोवर माणूस भिजलेला असे. दोन कार्ब्युरेटर एका सुरात आणायचे म्हणजे आणखी वेगळे काम. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचे. ज्याने रविवारच्या रविवार हे केले त्याचा गाडीवर जीव जडला नसता तरच नवल. ती विकताना लोकांना इतके का लागे, याचे उत्तर वेगापेक्षा या सेवेत जास्त सापडते.

१९६२च्या शरद ऋतूत ब्रिटनच्या बाजारात दोन गाड्या जवळजवळ एकदमच आल्या. एक अ‍ॅबिंग्डनची एमजीबी: १७९८ सीसी, ९५ अश्वशक्ती, आता दारांना वरखाली होणाऱ्या काचा. करासह किंमत सुमारे ९५० पौंड. दुसरी फोर्डची कॉर्टिना: चार जण ऐसपैस बसतील, मोठी डिकी, किंमत ६४० पौंडांच्या घरात. एकाच पगारातून यांतली एकच घेता येई. १९६१ साली ब्रिटनमधल्या दर शंभर घरांपैकी जेमतेम दोन घरांत एकाहून अधिक मोटारी होत्या. बाबागाडी एमजीबीत मावत नसे. सीटांमागच्या चिंचोळ्या जागेत घोंगडी टाकून मुलाला बसवण्याची रीत होती. सीटच्या पट्ट्याची सक्ती नसलेल्या त्या काळात ते चालूनही जाई. दुसरे मूल झाल्यावर मात्र तेवढाही उपाय उरत नसे. त्यात पगारवाढीवर सरकारी मर्यादा असल्याने अनेक कंपन्या वाढीऐवजी नोकराला गाडी देऊ लागल्या. दारात कंपनीची कॉर्टिना आली की स्वतःच्या एमजीसाठी वेगळा विमा आणि कर भरत राहणे घरच्या हिशेबात बसत नसे.

उरलेला निर्णय गंज घेई. एमजीबीला वेगळी चॅसी नव्हती. छत नसलेल्या गाडीचा भार दारांच्या उंबऱ्याखालच्या पोकळ पत्र्यावर असे, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ नेमके तिथेच साचे. जॅक लावून गाडी उचलली आणि दार अडकले, तर तो पत्रा आतून गेला असे समजायचे. १९६०मध्ये सुरू झालेली सक्तीची वार्षिक तपासणी आधी दहा वर्षे जुन्या गाड्यांना होती; १९६७पासून ती तीन वर्षांच्या गाडीलाच लागू झाली. नापास गाडीच्या पत्राकामाचा खर्च आणि घरात आलेले मूल, दोन्ही एकाच वर्षी आले की ठरवण्यासारखे फारसे राहत नसे.

कारखानदारांना हे सारे ठाऊक होते. अमेरिकेत फोर्डने १९५५ साली दोन सीटची थंडरबर्ड काढली होती. ती लोकप्रिय होती, तरीही १९५८मध्ये फोर्डने तिला चार सीटची केले. फोर्डमधले अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा या बदलाचे पुरस्कर्ते होते. जुन्या चाहत्यांना वाईट वाटले, पण १९५७ साली २१ हजारांवर असलेली विक्री पुढच्याच वर्षी ३७ हजारांच्या पुढे गेली. हिशेब बरोबर ठरला. त्या हिशेबात मूळची हलकी, सुबक गाडी मात्र कायमची गेली.

अ‍ॅबिंग्डनने १९६५ साली दिलेले उत्तर अधिक समंजस होते. एमजीबी जीटी या गाडीला पिनिनफरिना या इटालियन कंपनीच्या मदतीने पक्के उतरते छत दिले, मागे वर उचलायचे दार दिले आणि आत एक छोटे बाक. हे बाक म्हणजे गादी लावलेली फळीच म्हणायची. मोठ्या माणसाला तिथे मान वाकवूनच बसावे लागे, पण सातआठ वर्षांपर्यंतची मुले मजेत बसत. बाक पाडले की सपाट जागा होई आणि त्यावर बाबागाडीही आडवी राही. मालकाला गाडी आणखी काही वर्षे ठेवता यावी, एवढ्यासाठीच जणू तिची रचना केली होती. एमजीबीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतल्या सुमारे सव्वा लाख जीटी होत्या. अ‍ॅबिंग्डनच्या साऱ्या गाड्यांत माणसाच्या आयुष्याचा इतका विचार दुसऱ्या कोणत्याही गाडीत केलेला दिसत नाही.

त्यानंतर मात्र कारखान्याला पूर्णपणे नवी गाडी काढू दिली गेली नाही. अमेरिकेच्या नव्या नियमांसाठी १९७४मध्ये एमजीबीला जाड काळे बंपर लावले आणि तिची उंची वाढवली. अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांचे दोन कार्ब्युरेटर जाऊन एक आला आणि ताकद बरीच घटली.

याच सुमारास जर्मनीत फोक्सवॅगनच्या मोजक्या अभियंत्यांनी साध्या गोल्फमध्ये जोरकस इंजिन बसवून पाहण्याचा उद्योग चालवला होता, तोही सुरुवातीला वरिष्ठांच्या परवानगीवाचून. गोल्फ जीटीआय १९७५ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली आणि १९७६ला विक्रीला निघाली. १५८८ सीसी, ११० अश्वशक्ती, कार्ब्युरेटरऐवजी इंधनाचे इंजेक्शन. म्हणजे कानाला नळी लावण्याचे कामच नाही. पुढच्या जाळीभोवती लाल रेघ, सीटांना चौकटीचे कापड आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू. हे कापड आणि हा चेंडू गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनरची कल्पना. मागे पुरती सीट, सामानाला मोठे दार. ५ हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा अंदाज होता. पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक खपल्या. वळणावर ती एमजीबीला सहज मागे टाकी आणि सोमवारी सकाळी मुलांना शाळेतही सोडी. १९८४मध्ये पुजोची २०५ जीटीआय आली तोवर तरुण कुटुंबाला स्पोर्ट्स गाडी विकून नीरस गाडी घ्यावी लागण्याचे दिवस सरले होते. सरले नव्हते ते एकच दुःख: या गाड्यांना छत होते.

सप्टेंबर १९७९मध्ये अ‍ॅबिंग्डनने एमजीच्या गावातल्या वास्तव्याची पन्नाशी साजरी केली आणि लगेच सोमवारी, १० सप्टेंबरला, कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. पौंड महागल्याने अमेरिकेतली विक्री तोट्याची झाली होती. एमजी बाळगणारे लोक आपापल्या गाड्या घेऊन लंडनला निषेधाला गेले. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. १९८२पासून एमजीचे अष्टकोनी चिन्ह मेट्रो या घरगुती हॅचबॅकवर दिसू लागले.

उघड्या गाडीला पुन्हा दिवस आले ते हिरोशिमाच्या कंपनीमुळे. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोला दाखवलेली माझदा एमएक्स-५ जुन्या ब्रिटिश रोडस्टरच्या प्रेमातूनच घडली होती. तिचा टप चालकाला सीटवर बसल्या बसल्या एका हाताने मागे टाकता येई आणि पावसात ती गळत नसे. मागे सीट देण्याचा मोह मात्र माझदाने टाळला. तो टाळता आला याचे कारण घरे बदलली होती. १९९१पर्यंत ब्रिटनमधल्या जवळजवळ पाव घरांत दोन किंवा अधिक मोटारी आल्या होत्या. मुलांसाठी एक गाडी दारात असली की दुसरीला दोनच सीट असून चालत होते. एप्रिल २०१६मध्ये १० लाखावी एमएक्स-५ तयार झाली.

विकून टाकलेल्या जुन्या गाड्यांचेही भाग्य याच काळात फिरले. मुले मोठी झाल्यावर पन्नाशीतली माणसे आपली जुनी गाडी, निदान तशीच दुसरी, शोधू लागली. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने साचे गोळा केले आणि १९८८पासून एमजीबीची नवी कोरी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. ज्या कुजलेल्या उंबऱ्यापायी गाडी हातची गेली होती, तो आता बॉडीसकट नवा मिळू लागला.

एमजी हे नाव २००५च्या दिवाळखोरीनंतर चिनी मालकीकडे गेले. भारतात ते २०१९मध्ये गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यातून आले, आणि ते आले हेक्टर या उंच, ऐसपैस कौटुंबिक गाडीवर. २०२४मध्ये मुंबईचा जेएसडब्ल्यू समूह या व्यवसायात भागीदार झाला. पुढच्या वर्षी या भागीदारीतल्या कंपनीने भारतात सायबरस्टर ही विजेवर चालणारी, कापडी टपाची एमजी आणली. तिला दोनच सीट आहेत.