बुरशीविरोधी औषधांचा शोध : पेशीपटलापासून प्रथिनांपर्यंत

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाचा तुटवडा पडला. हे औषध १९५० च्या दशकात सापडलेले. इतक्या वर्षांनंतरही आपण त्याच्यावरच का विसंबून आहोत?

कारण पेशीच्या रचनेत आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी. म्हणून पेनिसिलीन जिवाणूला मारते, आपल्याला नाही. बुरशीच्या पेशीत मात्र आपल्यासारखेच केंद्रक असते आणि तिची बरीचशी प्रथिनेही आपल्या प्रथिनांसारखीच असतात. घाव घालायला जागा थोड्या.

पहिली जागा सापडली ती पेशीपटलात. तेथे आपल्याकडे कोलेस्टेरॉल, तर बुरशीकडे अर्गोस्टेरॉल असते. १९६१ च्या सुमारास पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसीन मिळवले. तेही ॲम्फोटेरिसिनच्याच कुळातले, अर्गोस्टेरॉलला चिकटणारे. पण ते पाण्यात फारसे विरघळत नाही. त्यामुळे त्याचा उपयोग मुख्यतः वरून लावण्यापुरता राहिला. शिवाय ही दोन स्टेरॉले एकमेकांसारखी असल्याने ॲम्फोटेरिसिनचा त्रास रुग्णाच्या मूत्रपिंडांना होतो.

मग संशोधक प्रथिनांकडे वळले. भिवंडीच्या मागावरून उतरलेले ग्रे कापड धुलाई-रंगाई झाल्याशिवाय वापरात येत नाही. तसेच पुष्कळ प्रथिनांचे आहे. प्रथिन तयार झाल्यावर पेशी त्याला साखर, फॉस्फेट किंवा मेदाम्ल जोडते. मग ते आपल्या जागी जाऊन काम करते. ही जोडणी विकरे करतात.

१९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री गॉर्डन व सहकाऱ्यांनी दाखवले, की मेंदूच्या आवरणाचा दाह घडवणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी मिरिस्टिक आम्ल जोडणाऱ्या विकरावाचून जगू शकत नाही. अडचण एवढीच, की तसे विकर आपल्यातही आहे. त्यावर बेतलेले बुरशीविरोधी औषध अजून बाजारात आलेले नाही.

२००३ मध्ये जपानी संशोधकांनी जीडब्ल्यूटी-१ हे बुरशीतील विकर हेरले. प्रथिनांना जोडला जाणारा मेद-शर्करेचा 'नांगर' घडवण्यात ते भाग घेते. ते अडले, की प्रथिने पेशीभित्तिकेवर पोचत नाहीत. याचा भाऊबंद आपल्यातही आहे, पण बुरशीचे विकर रोखणारे रसायन त्याला धक्का लावत नाही. या मार्गाने आलेले फॉसमॅनोजेपिक्स माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोचले आहे.

पेशी शिकवताना जिवाणू, बुरशी आणि माणूस यांच्या पेशींचा तक्ता फळ्यावर मांडावा. जिवाणूंवरील औषधे पुष्कळ आणि बुरशीवरील थोडी का, हे विद्यार्थी त्यावरून स्वतःच सांगू शकतील.