खुब्याचा सांधा आणि आईची साक्ष

काही बालकांच्या खुब्याची उखळी जन्मतः उथळ असते व मांडीच्या हाडाचा गोलक तीत नीट बसत नाही. वेदना नसल्यामुळे पुष्कळदा मूल लंगडत चालू लागेपर्यंत कोणास सुगावाही लागत नाही.

या दोषावरील उपचाराचा इतिहास आम्हांस विशेष बोधक वाटतो. व्हिएन्नाचे आडोल्फ लोरेंट्झ हे शस्त्रवैद्य. परंतु कार्बोलिक आम्लाने हातांस त्वचारोग जडल्यामुळे त्यांना शस्त्र खाली ठेवावे लागले. मग त्यांनी नुसत्या हातांनी सांधा बसवून, पाय बेडकासारखे फाकवून, मुलास महिनोन्महिने प्लास्टरात ठेवण्याची रीत रूढ केली. १९०२ साली शिकागोच्या आर्मर नामक धनाढ्य मांसव्यापाऱ्याने त्यांना आपल्या मुलीसाठी थेट अमेरिकेस पाचारण केले. कीर्ती अमाप झाली. पण बळाने बसविलेल्या कित्येक सांध्यांत गोलकाचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजले, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे इटलीतील फेरारा येथील बालवैद्य मारिनो ऑर्तोलानी यांच्याकडे एक माता आली. बाळास धुताना मांडीत काहीतरी ‘खट्’ करते, एवढीच तिची तक्रार. न्यायालयात घरच्या बाईची साक्ष हसण्यावारी नेणारे आम्ही थोडे पाहिले नाहीत. ऑर्तोलानींनी ती मानली, तपासली, आणि १९३७ साली त्या खुणेचे महत्त्व वैद्यांपुढे मांडले. आता तान्हेपणीच निदान शक्य झाले. मग चेक वैद्य आर्नोल्ड पाव्लिक यांनी मऊ पट्ट्यांचे साधन योजिले. त्यात बाळ पाय हलवू शकते व त्या हालचालीनेच गोलक उखळीत स्थिरावतो. पहिल्या सहा महिन्यांत याचा गुण उत्तम येतो.

मात्र ही मुदत टळली म्हणून दावा फेटाळला जात नाही. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९६१ साली कटीचे हाड कापून उखळी वळविण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती चालत्या मुलांसाठी. बर्नचे राइनहोल्ट गांत्स यांनी १९८४ पासून तरुणांची उखळी कापून फिरविली. कूर्चा पुरती झिजल्यावर उरतो तो कृत्रिम सांधा. त्याला आधुनिक रूप इंग्लंडात जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास दिले.

मूल कडेवर घेण्याची आपली चाल या सांध्यास अनुकूलच आहे. पाय सरळ ताणून बाळंत्यात आवळण्याची चाल मात्र घातक. जपानात १९७५ पासून ती सोडविण्याची मोहीम झाली आणि तेथे या व्याधीचे प्रमाण झपाट्याने उतरले. बाळास गुंडाळावे, पण मांड्या मोकळ्या ठेवाव्यात, हे आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सांगण्यास संकोच कसला?