रविवारचा नेमलेला पाठ

ख्रिस्ती मंदिरांत रविवारीं बायबलांतील जे उतारे वाचले जातात, ते ऐन वेळीं पुस्तक उघडून निवडलेले नसतात. अनेक पंथांत त्यांचा क्रम आधींच ठरलेला असतो. आपल्याकडे पारायणांत रोजचे अध्याय नेमलेले असतात, तशीच ही व्यवस्था. फरक एवढाच कीं, पारायणांत पोथी सबंध पुरी होते. येथें निवड करावी लागते.

ही चाल मूळची यहुदी सभास्थानांतील. तेथें शब्बाथास मोशेचें नियमशास्त्र क्रमानें वाचीत. बाबिलोनी प्रथेंत तें एका वर्षांत संपे, पॅलेस्टाइनमध्यें सुमारें तीन वर्षें लागत. इ. स. १५५ च्या सुमारास हुतात्मा जस्टिन यानें रोममधील रविवारच्या सभेचें वर्णन केलें आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोंवर वाचले जात व मग प्रमुख उपदेश करी.

पुढें सणवार वाढले व उतारे त्यांना जोडले गेले. ग्रंथ महाग आणि साक्षर थोडे, अशा काळीं मंदिरांत जेवढें कानीं पडे तेवढेंच सामान्य माणसाचें बायबल होतें. पश्चिमेंत तेंही लॅटिन भाषेंत! इंग्लंडांत आर्चबिशप क्रॅन्मर यांनीं १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांत दैनिक वाचनाची इंग्रजी योजना घातली. तिच्यांत जुन्या कराराचा बहुतेक भाग वर्षांतून एकदां व नवा करार, प्रकटीकरण वगळतां, तीनदां वाचून होई. उलट १५७० सालीं पोप पायस पांचवे यांनीं लागू केलेल्या रोमन मिस्सापुस्तकांत रविवारचे तेच दोन पाठ दरवर्षीं फिरून येत. त्यांत जुना करार जवळजवळ नसेच. ही स्थिति सुमारें चारशें वर्षें टिकली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६३ सालीं बायबलाचें भांडार अधिक उघडण्याचें ठरविलें. १९६९ पासून तीन वर्षांचा क्रम सुरू झाला. पहिल्या वर्षीं मत्तय, दुसऱ्या वर्षीं मार्क, तिसऱ्या वर्षीं लूक. जोडीला बहुधा जुन्या कराराचा पाठ व स्तोत्र. याच धर्तीवर अनेक प्रॉटेस्टंट पंथांनीं १९८३ व १९९२ सालीं सामाईक क्रम तयार केले. विल्यम कॅरे यांच्या सेरामपूरच्या छापखान्यांतून मराठी नवा करार १८११ सालींच निघाला होता. परंतु वसईच्या कॅथलिक भाविकांना मिस्साचे पाठ लॅटिनऐवजीं मराठींत मिळाले ते या परिषदेनंतरच.

नेमलेल्या पाठाचा मोठा गुण असा कीं, उपदेशकाला केवळ आवडीचीं वचनें घोळवीत बसतां येत नाहीं. न रुचणाऱ्या वचनावरही बोलावें लागतें. पण नेम ठरविणारेही माणसेंच. १३७ व्या स्तोत्रांत बाबेलच्या नद्यांकाठीं रडणाऱ्या बंदिवानांचा शोक आहे. रोमन क्रमांत तो रविवारीं वाचला जातो; शत्रूच्या तान्ह्या मुलांचा सूड इच्छिणारा त्याचा शेवट मात्र गाळला जातो. दुःखितांच्या तोंडून असे उद्गार कां निघाले, हा प्रश्न त्यामुळें श्रोत्यापुढें येतच नाहीं. आतां ग्रंथ घरोघरीं आहे. रविवारीं जें ऐकलें त्याच्या मागचें व पुढचें पान घरीं उघडून पाहणें, हें काम श्रोत्याचें आहे.