अतिभारारोपण : मुंबईची व्हिक्टोरिया गाडी आणि जैन जीवदया

रेल्वेगाडीतून उतरावे, पेटी टांग्यात ठेवावी आणि घोड्याच्या टापांच्या नादात घर गाठावे, हा अनुभव आजच्या साठीच्या पुढील पिढीस सांगावा लागत नाही. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावी टांगा हे प्रतिष्ठेचे आणि सोयीचे वाहन होते. दवनीवाडा व आसपासच्या धानपट्ट्यातील खेड्यांत मात्र घोड्यापेक्षा बैलच अधिक. सासरी जाणाऱ्या लेकीस दमणी, धानाच्या पोत्यांस बैलगाडी. त्यामुळे या भागात जीवदयेचा विचार निघाला की डोळ्यांसमोर गाय-बैल येतात. ओझ्याचा, भाड्याचा घोडा त्या विचारातून बहुधा निसटतो. शास्त्रकारांच्या नजरेतून मात्र तो निसटलेला नाही.

आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राला दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरा प्रमाण मानतात. त्यात श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथील वध म्हणजे प्राण घेणे नव्हे, तर काठी-चाबकाने मारणे. या पाचांची यादी घेऊन एखाद्या टांगाअड्ड्यावर उभे राहिले तर पाचही डोळ्यांना दिसतात. आखूड दोरीने दिवसभर बांधून ठेवणे हा बंध. चाबूक हा वध. लगामाच्या काटेरी कडीने फाटलेले जबड्याचे कोपरे हा छेद. चौघांच्या गाडीत आठ माणसे बसविणे हे अतिभारारोपण. आणि फेरी चुकेल म्हणून तोबरा न लावणे, पाणी न दाखविणे हा अन्नपाननिरोध. जीव घेणे तर दूरच. जीव न घेताही व्रत कसे मलिन होते, हे आचार्यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच इतक्या बारकाईने नोंदवून ठेवले आहे.

याहून थेट उल्लेख श्वेतांबर आगमातील उपासकदशांग सूत्रात येतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत शकटकर्म आणि भाटककर्म ही दोन नावे आहेत. पहिले म्हणजे गाड्यांचा धंदा, दुसरे म्हणजे गाडी व जनावर भाड्याने चालविण्याचा धंदा. त्याच सूत्रातील आनंद श्रावकाने आपल्या परिग्रहाची मर्यादा बांधताना दूरच्या प्रवासाचे पाचशे आणि जवळच्या वाहतुकीचे पाचशे गाडे एवढेच ठेवले. गाडा मुळीच नको, असे त्याने म्हटले नाही. व्यापारी माणसाचा संसार गाडीवाचून चालत नाही, हे शास्त्रकारांनाही ठाऊक होते. प्रश्न मर्यादेचा होता.

हाच प्रश्न पुढे मुंबईत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तेथे १८३४ साली पांजरापोळ स्थापन झाली. भटक्या कुत्र्यांच्या सरकारी हत्येमुळे १८३२ मध्ये मुंबईत मोठा दंगा उसळला होता. त्यानंतर पारशी दानशूर जमशेटजी जीजीभाई आणि जैन श्रेष्ठी मोतीचंद अमीचंद, म्हणजे आपल्या सर्वांना पालीताण्याच्या टुंकेमुळे परिचित असलेले मोतीशा शेठ, अशा धुरीणांनी या कार्यास हात घातला. दोन धर्मांची माणसे मुक्या प्राण्यांसाठी एकत्र आली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

चाळीस वर्षांनी, ९ मे १८७४ रोजी, मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम धावू लागली. कुलाबा ते पायधुणी हा तिचा एक मार्ग. कंपनीच्या पदरी सुमारे नऊशे घोडे होते, असे सांगितले जाते. त्याच १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारी संस्था निघाली. पुढील दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. रस्त्यावरील घोड्यांची संख्या वाढली तसे त्यांच्या दुःखावरील उपायही वाढत गेले, असे या तारखा सांगतात. शहरात जागोजागी प्याऊ बांधल्या गेल्या, त्याही याच काळातील. कच्छी दसा ओसवाल समाजाचे शेठ केशवजी नायक यांच्या नावाचे कारंजे १८७६ पासून भातबाजारात उभे आहे. जुन्या प्याऊंना वर माणसांसाठी तोटी आणि खाली जनावरांसाठी कुंड असे. दुपारी गाडीचा घोडा तेथे तोंड घालून पाणी पिई. ज्याने प्याऊ बांधली त्याने तत्त्वार्थसूत्रातील पाचवा अतिचार वाचला असो वा नसो, तो टाळण्याची सोय मात्र केली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. पांजरापोळीला सढळ हाताने देणारा शेठ आणि गाडी सुटेल म्हणून टांगेवाल्यास घोडा पिटाळण्यास सांगणारा शेठ, हे पुष्कळदा एकच होते. कापडबाजारातून गाठी लादून निघालेल्या गाडीचे वजन हुंडीच्या रकमेइतक्या काळजीने कोणी पाहत नसे. दान संध्याकाळी, घाई सकाळी, असा तो हिशेब होता.

घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये बंद झाली व १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. मोटारी आल्या, बस आल्या. राणीच्या नावाची, चार चाकांची, उघडी व्हिक्टोरिया गाडी तेवढी टिकून राहिली. परंतु तिचे काम बदलले. स्थानकावरून घरी नेणारी गाडी हळूहळू फिरायला नेणारी गाडी झाली. १९७२ मध्ये आलेल्या ‘व्हिक्टोरिया नं. २०३’ या चित्रपटाने तिची कीर्ती गावोगाव नेली. पुढे तिच्यावर चंदेरी पत्रा चढला, रंगीत दिवे लागले आणि गेटवे ऑफ इंडिया, नरीमन पॉइंट व मरीन ड्राइव्ह येथे रात्री पर्यटकांची रांग लागू लागली. गाडी जितकी सजली, तितका घोडा खंगत गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याचे कारण घोड्याच्या देहरचनेत आहे. मऊ जमिनीवर धावण्यासाठी घडलेला त्याचा खूर डांबर व काँक्रीटच्या रस्त्यावर सतत आदळला की तो धक्का थेट सांध्यांना जातो. नाल झिजली आणि वेळेवर नालबंद मिळाला नाही की घोडा लंगडतो, आणि लंगडतच ओढतो. त्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. त्याचे जठर लहान असल्याने त्याने थोडे थोडे, पण जवळजवळ दिवसभर खावे, अशी निसर्गाची योजना आहे. गायीसारखे रवंथ करणे त्याला ठाऊक नाही, आणि ओकताही येत नाही. अवेळी पोटभर चंदी दिली किंवा बुरशी आलेला चारा घातला तर पोटशुळाने तो काही तासांत दगावतो. अंधाऱ्या, ओल्या तबेल्यात रोजचा खरारा नाही, मोकळे चालणे नाही, आणि रात्री रोषणाईच्या गाडीला जुंपणे, हा त्याचा दिनक्रम होता.

कायदा नव्हता असे नाही. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याखालील १९६५ च्या नियमांत जनावरास दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विसाव्याशिवाय सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये, गाडीत हाकणारा व लहान मुले वगळून चौघांहून अधिक बसू नयेत, काटेरी लगाम वापरू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपूच नये, असाही नियम आहे. विदर्भात हा नियम पाळावयाचा तर चैत्र-वैशाखात दुपारची गाडीच निघू नये! नियम कागदावर राहिले, कारण शिक्षा नाममात्र होती. १९८२ ची दुरुस्ती होऊनही पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच राहिला. व्हिक्टोरियाच्या एका फेरीचे भाडे त्याहून अधिक होते.

अखेर एका प्राणीकल्याण न्यासाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ८ जून २०१५ रोजी न्या. अभय ओक व न्या. ए. के. मेनन यांच्या खंडपीठाने निर्णय दिला, की केवळ मौजेच्या फेरफटक्यासाठी मुंबईत घोडागाडी चालविणे बेकायदेशीर आहे. एका वर्षात या गाड्या बंद कराव्यात, विनापरवाना तबेले हटवावेत आणि गाडीवाले व घोडे यांच्या पुनर्वसनाची योजना शासनाने आखावी, असे आदेश झाले. त्याआधीच्या वर्षी, ७ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या खटल्यात प्राण्याला अनावश्यक वेदनेपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे असे म्हटले होते. गरज आणि मौज यांत न्यायालयाने केलेला भेद जैन श्रावकाला नवा वाटू नये. प्रयोजनावाचून केलेल्या हिंसेस आपल्याकडे अनर्थदंड म्हणतात आणि तिच्या त्यागाचे स्वतंत्र व्रत आहे.

निकालाचे जीवदया मंडळांनी स्वागत केले, ते योग्यच होते. परंतु पिढ्यान्पिढ्या घोड्यावर पोट असलेली कुटुंबेही या निकालाच्या दुसऱ्या बाजूस उभी होती. घोड्याचे दुःख पाहणाऱ्याने मोतद्दाराच्या घरातील चूल पाहू नये, अशी करुणा अर्धवट ठरते. बऱ्याच वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, व्हिक्टोरियाच्याच घाटाच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मुंबईत सुरू झाल्या. जुन्या हाकणाऱ्यांच्या हाती त्या जाव्यात, असा त्यामागे विचार होता. तो आधी झाला असता तर अधिक बरे झाले असते.

आणि घोड्याचे काय? तबेला बंद झाला म्हणजे घोडा सुटला, असे होत नाही. त्याचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे. ओझ्याचे काम मात्र त्याच्या कितीतरी आधी संपते. उरलेली वर्षे तो कोणाच्या दारी काढणार? आपल्या बहुतेक पांजरापोळी गोवंश डोळ्यांसमोर ठेवून उभारलेल्या आहेत. तेथे घोडा आला तर त्याला गायींच्या कडब्याबरोबर बांधून चालत नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर कापावे लागतात, दात घासून सारखे करावे लागतात, म्हाताऱ्या घोड्यास भिजवून मऊ केलेला खुराक द्यावा लागतो आणि पाय मोकळे करण्यास जागा लागते. हे सांभाळणारा जाणता माणूस बाहेर शोधण्याची गरज नाही. तबेला बंद झाल्याने रिकामा झालेला मोतद्दार तोच आहे.

मुंबईजवळच्या माथेरानला हा प्रश्न आणखी वेगळा आहे. १८५० साली ह्यू मॅलेट यांनी शोधलेल्या या डोंगरावर मोटारींना बंदी आहे. तेथे घोडा पर्यटकही नेतो आणि सामानही. तेथील माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा द्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. आपले अमरावतीचे भूषण गवई तेव्हा सरन्यायाधीश होते. माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरविण्याचा निर्णय झाला. घोड्याच्या पाठीवरील ओझ्याचा विचार तेथे अजून व्हावयाचा आहे.

मुंबई-माथेरानपर्यंत जावयाचे तरी कशाला? लग्नसराईत वरातीची घोडी आणि बग्गी आपल्या गावोगावी दिसते. वाजंत्री, फटाके, तापलेला रस्ता आणि वर नवरदेवासह दोन-चार मुले. उत्सवप्रसंगी निघणाऱ्या वरघोड्यातही दानदाते बग्गीत विराजमान होतात. बोली मोठी असली की बसणारेही वाढतात. त्या वेळी चौघांचा नियम कोणाला आठवत नाही, आणि अतिभारारोपण हा शब्द तर त्याच दिवशी सकाळी प्रवचनात ऐकलेला असतो. उलट अनेक ठिकाणी भगवंतांचा रथ श्रावक-श्राविका स्वतःच्या हातांनी ओढतात. लहान मुले दोरीला हात लावण्यासाठी धडपडतात, वृद्ध चार पावले ओढून दोरी पुढच्याच्या हाती देतात. त्या रथाला घोडा लागत नाही.