लाईम आजार पसरवणाऱ्या गोचिडी : त्या कुठे आढळतात, चावल्यास काय करावे?

मागे एकदा न्यू जर्सीहून आमच्या खालाजाद बहिणीचा फोन आला. मुलाच्या गुडघ्यामागे काळा तीळ दिसत होता, आणि नीट पाहिलं तर त्या तिळाला पाय होते! इकडे घरात लगेच सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणालं रॉकेल लाव, कुणी म्हणालं अगरबत्तीचा चटका दे, कुणी खोबरेल तेल चोपडायला सांगितलं. गावाकडे जनावरांच्या अंगावरच्या गोचिडीला आपण हेच करत आलो. पण तिकडची ती गोचीड वेगळी आणि तिच्यातून होणारा आजारही वेगळा. असे उपाय करण्यात वेळ जातो, आणि इथे वेळेलाच सगळ्यात जास्त महत्त्व आहे. आज आपली कितीतरी मुलं-मुली शिक्षण, नोकरी किंवा लग्नानिमित्त अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये राहतात. म्हणून ही माहिती घरातल्या मोठ्यांनाही असायला हवी.

आजाराचे नाव कुठून आले?

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लाईम नावाचे गाव आहे. 1975 च्या सुमारास या गावात आणि शेजारच्या गावांत लहान मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर त्याला संधिवात म्हणत होते. पण एकाच भागात इतक्या मुलांना संधिवात कसा, हा प्रश्न तिथल्या दोन मातांनी लावून धरला आणि मग येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी तपास सुरू केला. 1982 मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने गोचिडीच्या पोटात सापडलेला मळसूत्रासारखा जीवाणू जगासमोर आणला. त्याच्याच नावावरून त्या जीवाणूला ‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ म्हणतात.

कोणती गोचीड, कोणत्या देशात?

प्रत्येक गोचीड लाईम पसरवत नाही. हे काम ‘इक्सोडेस’ या एकाच कुळातल्या काही जातींचे आहे. त्यातल्या मुख्य चार अशा :

- काळ्या पायांची गोचीड (इक्सोडेस स्कॅप्युलॅरिस) : हिला हरणाची गोचीडही म्हणतात. अमेरिकेचा ईशान्य भाग, म्हणजे न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स. तसेच विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा. कॅनडात दक्षिण ओंटारिओ, क्यूबेक आणि नोव्हा स्कोशिया. ही जात दक्षिणेकडच्या राज्यांतही आहे, पण तिथे लाईमचे रुग्ण फार कमी.
- पश्चिमेची काळ्या पायांची गोचीड (इक्सोडेस पॅसिफिकस) : अमेरिकेचा पश्चिम किनारा, विशेषतः उत्तर कॅलिफोर्निया. तिथे धोका त्यामानाने कमी आहे. त्याचे एक कारण चक्क सरडा! तिथल्या एका सरड्याच्या रक्तात असे घटक आहेत, की ते रक्त प्यायल्यावर गोचिडीतला हा जीवाणू मरतो.
- युरोपची गोचीड (इक्सोडेस रिसिनस) : ब्रिटन, जर्मनी, स्वीडनपासून पश्चिम रशियापर्यंत. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडचा डोंगराळ भाग आणि दक्षिण इंग्लंडची जंगले, कुरणे सांभाळून फिरावीत अशी.
- तैगाची गोचीड (इक्सोडेस परसुलकॅटस) : पूर्व युरोप, रशिया, उत्तर चीन ते जपान.

राहते कुठे, चढते कशी?

या गोचिडीला कोरडेपणा सहन होत नाही. म्हणून ती दमट जागी असते : झाडांखालचा पालापाचोळा, उंच गवत, झुडपे, जंगलाची कड. घरामागचे अंगण जंगलाला लागून असेल तर तिथेही. कडक उन्हातल्या, नीट कापलेल्या गवतात ती कमी सापडते.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून टपकतही नाही. गवताच्या टोकावर बसून पुढचे पाय पसरून ती वाट पाहते. श्वासाचा वायू आणि अंगाची ऊब तिला कळते. आपण घासून गेलो की कपड्याला चिकटते आणि हळूहळू वर चढते.

अंड्यातून निघणारे सहा पायांचे पिल्लू लाईमचा जीवाणू घेऊन जन्मत नाही. तो त्याला उंदरासारख्या लहान प्राण्यांचे रक्त पिताना मिळतो. पुढच्या अवस्थेत तिला आठ पाय असतात, तिला निम्फ म्हणतात. निम्फ खसखशीच्या दाण्याएवढी असते, मे ते जुलैमध्ये जास्त फिरते, आणि बहुतेक लोकांना आजार हीच देते. कारण ती दिसतच नाही. मोठी मादी तिळाएवढी असते. ती पानगळीच्या दिवसांत आणि वसंतात आढळते.

चावली तर काय करायचं?

जीवाणू रक्तात उतरायला गोचीड साधारण 24 तासांहून जास्त काळ चिकटलेली असावी लागते. म्हणून ती दिसली की लगेच काढायची. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीच्या अगदी जवळ, तोंडापाशी धरा आणि न पिळता, न मुरडता सरळ वर ओढा. जागा साबणाने धुवा. तारीख लिहून ठेवा, गोचिडीचा फोटो काढा. तेल, रॉकेल, व्हॅसलीन, चटका यांपैकी काहीही नको. त्याने गोचीड चिडते आणि तिच्या पोटातले द्रव जखमेत जाऊ शकतात.

जास्त धोक्याच्या भागात गोचीड बराच वेळ चिकटलेली असेल, तर काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टर डॉक्सिसायक्लिनचा एक डोस देऊ शकतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

लक्षणे

चावल्यानंतर 3 ते 30 दिवसांत बऱ्याच रुग्णांच्या कातडीवर हळूहळू पसरत जाणारा चट्टा उठतो. तो सहसा दुखत नाही, फारसा खाजतही नाही. मधे फिकट, कडेला लाल असा गोल चट्टा चित्रात दाखवतात, पण दर वेळी तो तसा नसतो. आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ रंगावर तो जांभळट, मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो आणि नजरेतून सुटतो. सोबत ताप, डोकेदुखी, थकवा, अंगदुखी.

दुर्लक्ष झाले तर पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, हृदयाचे ठोके बिघडणे, गुडघा सुजणे असे त्रास होतात. सुरुवातीच्या दिवसांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे चट्टा असेल तर डॉक्टर त्यावरूनच उपचार सुरू करतात. वेळेवर अँटिबायोटिक घेतले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

जंगलात, बागेत जाताना

फिकट रंगाचे, पूर्ण कपडे घाला. पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ करा. काखा, कंबर, जांघा, गुडघ्यामागची बाजू, बेंबी, कानामागे आणि केसांच्या मुळाशी पाहा. स्कार्फ बांधणाऱ्या मुलींची मान आणि केस आईने मुद्दाम तपासावेत. कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटे फिरवले तर गोचीड मरते.

आणि आपल्याकडे?

भारतात लाईमच्या नोंदी तुरळक आहेत. आपल्या गाई-शेळ्यांवरची नेहमीची गोचीड या कुळातली नाही. म्हणून निर्धास्त राहायचं असंही नाही. 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गेल्या काही वर्षांत गोव्याच्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात पोहोचला. तोही गोचिडीतूनच होतो, पण विषाणूमुळे. तिथे जंगलात माकड मेलेले दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. बकरी ईदला घरी बकरा आणल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी उघड्या हाताने चिरडू नका.

आमच्या भाच्याची गोचीड त्याच्या अम्मीने चिमट्याने काढली. महिनाभर तिने त्या जागेवर लक्ष ठेवलं, अल्हमदुलिल्लाह काही झालं नाही. परदेशातून असा फोन आलाच, तर घरगुती इलाज सांगू नका. दोनच गोष्टी विचारा : चिमट्याने काढली का, आणि किती वेळ चिकटून होती?