पडद्यावरचा पहिला कागद

आमच्या लहानपणी चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक कागद झळके. त्यावरचा मजकूर कोण वाचतो! आम्ही पोरे फक्त रिळांचा आकडा शोधत असू. ‘सोळा!’ असे कोणी ओरडले की चैन. त्याच कागदावरच्या एका अक्षरामागे केवढा इतिहास आहे, हे कळायला मला मास्तर व्हावे लागले.

सिनेमाचा कायदा झाला १९१८ साली. १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास नि रंगून येथे मंडळे बसली. त्यांना काळजी होती ती मुलांची कमी, साम्राज्याची अधिक. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधील विदुर गांधीजींसारखा दिसतो, म्हणून मद्रासेत बंदी आली. शांतारामबापूंनी १९३० मध्ये शिवछत्रपतींवर ‘स्वराज्य तोरण’ काढला. पण ‘स्वराज्य’ हा शब्द साहेबाला कसा पचावा? ‘उदयकाल’ असे नवे बारसे झाले, तेव्हा कुठे तो लोकांपुढे आला.

वयाचा विचार कायद्यात शिरला १९४९ साली. ‘यू’ सर्वांना, ‘ए’ फक्त प्रौढांना. पण रेघ ओढायची कोठे? ख्वाजा अहमद अब्बासांनी चार शहरांतील श्रीमंती नि दैन्य दाखवणारा लघुपट काढला. त्यात मुंबईतील वेश्यावस्तीही होती. मंडळाने ‘ए’ दिले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकार नमले, काटछाट न करता ‘यू’ द्यायला तयार झाले. मात्र १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वतपासणी वैधच ठरवली.

१९८३ मध्ये मधली वाट निघाली, ‘यूए’: बारा वर्षांखालील मुलांना पालकांच्या विचाराने दाखवावे. मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ही तेव्हाच गेला, आपल्या तोंडचा काही गेला नाही! २०२३ च्या दुरुस्तीने या ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग पाडले.

परवा अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो. तिकिटे काढल्यावर फलकावर ‘१३+’ दिसले. “मामा, मी तेरा सांगू का?” त्याने हळूच विचारले. “कोणी विचारणार नाही रे,” मी म्हणालो. खरेच आहे; दारावरचा माणूस अडवतो ते ‘ए’ला. हा आकडा त्याच्यासाठी नाहीच, तो घरच्यांसाठी आहे. बहिणीला फोन लावला, तर ती म्हणाली, “दादा, तू बरोबर आहेस ना? मग तूच ठरव.”

आत पहिली घंटा झाली. भाचा माझ्या तोंडाकडे पाहत उभा होता.